जुन्या लेसरडिस्क-यंत्रातून निर्मळ चित्र कसे मिळवावे

लेसरच्या किरणाने वाचली जाते एवढ्या एका गोष्टीवरून लेसरडिस्क ही सीडी किंवा डीव्हीडी यांच्याच कुळातील, म्हणजे चित्र आकड्यांच्या रूपात साठविणारी तबकडी असावी, असा समज पुष्कळ सुशिक्षित मंडळींच्याही मनात दृढमूल झालेला आढळतो. आणि या यंत्रांच्या चित्राविषयी ज्या तक्रारी कानावर येतात, त्यांतील बहुतेकींचे मूळ शोधू गेल्यास ते याच समजुतीत सापडते. वस्तुस्थिती अशी आहे की, या तबकडीवरील आवाज पुढे डिजिटल झाला तरी चित्र मात्र पहिल्या तबकडीपासून अखेरच्या तबकडीपर्यंत ॲनालॉगच राहिले. चित्रातील उजेड-अंधाराच्या चढउतारानुसार एका लहरीची वारंवारता बदलत जाते; अमेरिकी व जपानी पद्धतीच्या तबकडीत ती काळ्यापाशी सुमारे ८.१ आणि शुभ्र पांढऱ्यापाशी ९.३ मेगाहर्ट्‌झ असते, आणि त्या लहरीचे ठसे अतिसूक्ष्म खळग्यांच्या रूपाने ॲल्युमिनियमच्या पातळ थरावर उमटलेले असतात. डिजिटल माध्यमात वाचनातील चूक गणिताने दुरुस्त होते, नाहीतर चित्र एकाएकी फुटते. येथे मात्र प्रत्येक उणीव, मग ती भिंगावरील धुळीची असो, विजेतील खळबळीची असो की हलक्या केबलची असो, आपापल्या प्रमाणात पडद्यावर उतरते. म्हणून पुढील सर्व सूचनांचा पाया एकच आहे: तबकडीवर जे आहे त्यात भर घालणारे कोणतेही उपकरण अस्तित्वात नाही; जे आहे ते वाटेत सांडू न देणे एवढेच आपल्या हाती आहे.

आणि जे आहे ते थोडेथोडके नाही. व्हीएचएस फितीवर आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांचा बारकावा मावत असे, त्या ठिकाणी लेसरडिस्कवर चारशेहून अधिक रेषांचा मावतो. डेव्हिड पॉल ग्रेग या अमेरिकी तंत्रज्ञाने १९५८ मध्ये प्रकाशाने वाचावयाच्या तबकडीची कल्पना मांडली, फिलिप्स व एमसीए या दोन कंपन्यांनी ती १९७२ मध्ये लोकांसमोर चालवून दाखविली आणि डिसेंबर १९७८ मध्ये अटलांटा शहरात ती प्रथम विक्रीस आली. जपानच्या पायोनियर कंपनीने तिला लेसरडिस्क हे नाव दिले व पुढे तीन दशके तिचा संसार चालविला. १९८४ मध्ये क्रायटेरियन या प्रकाशनसंस्थेने ‘सिटिझन केन’ हा चित्रपट या तबकडीवर आणला, तेव्हापासून चित्रपट हा अभ्यासपूर्वक, टीकाटिप्पणीसह घरी पाहण्याचा विषय ठरला. ज्यांच्या संग्रही अशा तबकड्या आहेत, त्यांनी त्यांचे चित्र यथामूल पाहण्यासाठी थोडे श्रम घेणे हे त्या माध्यमाचे देणे आहे, असे मी मानतो.

हे श्रम कोठे व कोणत्या क्रमाने घ्यावेत, याचा विचार स्थानपरत्वे बदलतो. माझ्यासमोर आहे ते जयपूरच्या उत्तरेकडील, सीकर रोडला लागून पसरलेले विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र. येथे रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत, रोड नंबर नऊ, रोड नंबर चौदा असा पत्ता सांगण्याचा शिरस्ता आहे, आणि कारखान्यांच्या आवाराला लागूनच अथवा शेजारच्या मुरलीपुऱ्यात, झोटवाड्यात राहणाऱ्या कुटुंबांत नोकरी-व्यवसायानिमित्त आलेली मराठी मंडळीही आहेत. परदेशातून येताना आणलेले किंवा जुन्या बाजारातून हौसेने मिळविलेले लेसरडिस्क-यंत्र अशा घरात असेल, तर त्याच्या चित्राचे तीन शत्रू यंत्राबाहेरच उभे आहेत: अस्थिर वीज, उष्मा आणि धूळ. परदेशी मार्गदर्शिकांत या तिघांचा उल्लेख क्वचित येतो, कारण त्या लिहिणाऱ्यांना त्यांचा उपद्रव नव्हता. भोसरी, वाळूज, बुटीबोरी येथील वाचकांना मात्र पुढील मजकूर आपल्याच वस्तीविषयीचा वाटेल.

प्रथम विजेचा बंदोबस्त. जपानी बाजारासाठी बनलेले यंत्र १०० व्होल्टवर चालते, अमेरिकी १२० व्होल्टवर; आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात ते थेट लावल्यास पहिल्याच क्षणी त्याचा फ्यूज, आणि दुर्दैवाने त्याचा ट्रान्सफॉर्मरही, जळून जातो. बाजारात मुबलक मिळणारे ‘११० व्होल्ट’चे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर जपानी यंत्राला चालवून घ्यावेत असे पुष्कळांचे मत असते, परंतु औद्योगिक वस्तीत रात्री भार उतरल्यावर मूळ दाब चढतो, त्याच प्रमाणात ते ११० चे ११५-१२० होतात, आणि आतील नियामक भागांवर त्या जादा दाबाची उष्णता साठत राहते. जपानी यंत्राला १०० व्होल्टचाच, दीडशे ते दोनशे व्होल्ट-अँपिअर क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर खास बांधवून घ्यावा. ट्रान्सफॉर्मर बांधणारे कारागीर येथे आहेत आणि हे काम त्यांच्या हातचे आहे. आपल्याकडील ५० हर्ट्‌झ वारंवारतेची चिंता करू नये, कारण तबकडीची गती विजेच्या वारंवारतेवर नव्हे, तर यंत्रातील स्फटिकाच्या ठोक्यावर बांधलेली असते.

स्टॅबिलायझरविषयी मात्र सावध असावे. रिलेचा साधा स्टॅबिलायझर दाब बदलताच खट्‌ असा आवाज करून एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जातो, आणि त्या क्षणी चित्रावरून एक पांढरी रेघ सर्रकन जाते, प्रसंगी तबकडी थांबून पुन्हा फिरू लागते. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू असता हे दर काही मिनिटांनी घडलेले पाहावयास मिळते, आणि दोष तबकडीच्या माथी मारला जातो. घरगुती इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर त्याने चित्रावर बारीक तिरप्या जाळीसारखा कचरा उमटतो व ट्रान्सफॉर्मर गुरगुरू लागतो. यावर खात्रीचा इलाज म्हणजे शुद्ध साइन लहर देणारा ऑनलाइन यूपीएस. लेसरडिस्क-यंत्र व पडदा दोन्ही त्याच्यावर चालवावेत. चित्रावरून एखादा फिकट आडवा पट्टा वर किंवा खाली सरकताना दिसत असेल, तर तो बहुधा अर्थिंगच्या दोन वेगळ्या वाटांमुळे आलेला असतो. यंत्र, टीव्ही व ॲम्प्लिफायर एकाच फळीवरच्या तीन-पिनी प्लगांत लावून पाहावेत आणि केबल टीव्हीची तार क्षणभर काढून पाहावी. एवढ्याने पट्टा गेला, तर रोगाचे निदान झाले. एवढे करूनही तो राहिला, तर यंत्राच्या वीजपुरवठ्यातील जुने कपॅसिटर सुकले आहेत असे समजावे. तीस-पस्तीस वर्षांच्या यंत्रात ते बदलणे हा खर्च नव्हे, अनिवार्य देखभाल आहे.

उष्म्याने यंत्रापेक्षा तबकडीची हानी अधिक होते. ३० सेंटिमीटर व्यासाची ही तबकडी म्हणजे ॲक्रिलिकच्या दोन पातळ तबकड्या पाठीला पाठ लावून सरसाने जोडलेली वस्तू आहे. जयपुरात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या छताखालील पोटमाळ्यावर किंवा बंद मोटारीत तो याहून पुष्कळ वर असतो. अशा जागी आडव्या रचलेल्या तबकड्या वाकतात, आणि जोडणीचा सरस कमकुवत झाला की ॲल्युमिनियमपर्यंत हवा व बाष्प पोचून तो काळवंडू लागतो. हाच तो ‘लेसर रॉट’. पडद्यावर तो रंगीत ठिपक्यांच्या तुषारांसारखा दिसतो, प्रथम एखाद्या बाजूच्या शेवटी, मग सर्वत्र. काही कारखान्यांतील तबकड्या मुळातच सदोष निघाल्या, आणि त्यांना कितीही जपले तरी त्यातून सुटका नव्हती. परंतु चांगल्या तबकडीला रॉटकडे ढकलणे न ढकलणे आपल्या हातात असते. तबकड्या घरातील सर्वांत थंड, आतल्या भिंतीच्या कपाटात, पुस्तकांप्रमाणे उभ्या, फार सैल नाहीत व फार घट्ट नाहीत अशा ठेवाव्यात. रॉटवर कोणताही इलाज नाही. तशी तबकडी विकणाऱ्याने ‘साफ केली की सुटेल’ असे सांगितले तर ती घेऊ नये.

आता धूळ. पावसाळ्यापूर्वी येथे ज्या आंध्या सुटतात, त्यांची वाळू खिडक्या बंद असूनही घरात येते, आणि औद्योगिक क्षेत्रात तिच्यात लोखंडाच्या घासणीची व दगड कापण्याची बारीक भुकटी मिसळलेली असते. धुळीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे निम्मे श्रम वाचतात. लेसरचा किरण तबकडीच्या पृष्ठभागावर नव्हे, तर सव्वा मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकमधून आत जाऊन धातूच्या थरावर केंद्रित होतो. पृष्ठभागावरील धुळीचा कण त्या ठिकाणी किरणाच्या रुंद भागात असतो, म्हणून त्याची बाधा अल्प असते. तोच कण भिंगावर बसला, तर मात्र प्रत्येक तबकडीच्या प्रत्येक क्षणाचा प्रकाश कमी करतो. तबकड्या पुन्हापुन्हा पुसणारे आणि भिंगाकडे वर्षानुवर्षे न पाहणारे संग्राहक पुष्कळ आहेत. त्यांनी हा क्रम उलटा करावा.

तथापि बोटांचे ठसे व चिकट थर यांचा प्रकार वेगळा आहे, कारण ते विस्तृत पृष्ठभागावर पसरून किरण विखुरतात. अशी तबकडी धुण्याची रीत अशी: कडेला व मधल्या भोकाला धरून, लेबल भिजू न देता, डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकून त्यात भिजवून पिळलेल्या मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवू नये, कारण गोल ओरखडा वाचनाच्या वाटेनेच जातो व दीर्घकाळ चित्र बिघडवितो, आडवा ओरखडा क्षणात ओलांडला जातो. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने तसेच पुसून, कोरड्या कापडाने टिपून, पंख्याखाली नव्हे तर बंद खोलीत वाळवावी. स्पिरिट, थिनर, रॉकेल, काच पुसण्याचे निळे पाणी यांतील काहीही ॲक्रिलिकला लावू नये. थिनरचा वास कारखान्यात नित्याचा असतो, बाटली हाताशी असते, आणि एका पुसण्याने तबकडीवर बारीक भेगांचे जाळे कायमचे उमटते.

भिंग साफ करण्यासाठी यंत्र उघडावे लागते. प्लग भिंतीतून काढावा, आणि पंधरा मिनिटे थांबून मगच झाकणाचे स्क्रू काढावेत. वीज चालू असताना उघड्या यंत्रात भिंगाकडे कधीही पाहू नये; १९८४ नंतरच्या बहुतेक यंत्रांतील लेसरचा किरण ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा असतो, आणि न दिसणारा किरण डोळ्याला अधिक घातक, कारण डोळा मिटत नाही. मसुराच्या डाळीएवढे ते निळसर झाक असलेले भिंग अतिशय नाजूक तारांवर झुलत असते. प्रथम रबरी फुग्याने दोन-तीनदा फुंकर मारावी. पुढे जरूर वाटल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलावलेल्या कापसाच्या काडीने, काडीच्या स्वतःच्या वजनाहून अधिक भार न देता, मध्यापासून कडेकडे एकदाच फिरवावे, मग कोरड्या काडीने एकदा. भिंगाच्या शेजारीच एक लहान काळा ठोकळा असतो, त्यात एक प्रकाश टाकणारा व दोन प्रकाश टिपणारे डोळे असतात; तबकडी किती वाकलेली आहे हे तो यंत्राला सांगतो. त्यालाही कोरडी काडी फिरवावी. या लहानशा भागाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे किती यंत्रे ‘निकामी’ म्हणून बाजूला पडली असतील, हे मनात आले की खेद वाटतो.

येथे कारखानदार वाचकांना एक आर्जवाची सूचना. विश्वकर्मा क्षेत्रातील जवळजवळ प्रत्येक शेडमध्ये हवेचा कॉम्प्रेसर असतो, आणि मशिनवरचा बारीक कीस झटकावा तशी यंत्रातील धूळ त्याच नळीने उडविण्याचा मोह होतो. ही चूक कदापि करू नये. सहा-सात किलो दाबाची ती हवा भिंगाच्या तारा उपटून टाकते. शिवाय कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचे व पाण्याचे सूक्ष्म तुषार असतात, ते भिंगावर बसले की धुळीहून वाईट असा पातळ पडदा तयार होतो. तसेच सरकत्या दांड्यांवर गंजरोधक फवारा मारू नये. तेथील मूळ ग्रीस वाळून मेणासारखे झाले असेल, तर ते कापडाने पूर्ण पुसून पांढऱ्या लिथियम ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. दोन्ही बाजू आपोआप वाजविणाऱ्या यंत्रात भिंगाची गाडी वळसा घेऊन वरच्या बाजूस जाते, त्या वळणावरील ग्रीस विसरू नये. खण उघडत नसेल तर तो सरकविणारा रबरी पट्टा बहुधा सैल झालेला असतो. पिकअपजवळील, म्हणजे लेसर व भिंग बसविलेल्या भागाजवळील, लहान स्क्रू, ज्यांना कधी लाल-हिरवा लाखेचा ठिपका लावलेला असतो, त्यांना ऑसिलोस्कोप व सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असल्यावाचून हात लावू नये.

हिवाळ्यात जयपूरच्या रात्री पाच-सहा अंशांपर्यंत उतरतात. थंड खोलीतून उबदार खोलीत आणलेल्या यंत्राच्या भिंगावर दव धरते. दोन तास थांबून मगच ते चालू करावे. यंत्र ठेवण्याची जागा सपाट व जड असावी. तबकडी मिनिटाला १,८०० पर्यंत फेरे घेते, आणि तिच्यावरील शेजारच्या दोन वाटांमधील अंतर दोन मायक्रोमीटरहूनही कमी असते. जवळच्या पॉवर प्रेसचा ठोका जमिनीतून टेबलापर्यंत येत असेल, तर भिंतीला टेकलेल्या फळीपेक्षा स्वतंत्र, दगडी फरशीचे टेबल बरे.

हे सर्व झाल्यावर चित्राकडे पाहावे, आणि ते कसे पाहावे हे शिकून घ्यावे. तबकड्या दोन प्रकारच्या असतात. सीएव्ही प्रकारात एका फेऱ्यात बरोबर एक चित्रचौकट असते, एका बाजूवर ५४,००० चौकटी, म्हणजे अमेरिकी पद्धतीत अर्ध्या तासाचा मजकूर मावतो. सीएलव्ही प्रकारात गती १,८०० वरून ६०० पर्यंत उतरत जाते व तासाभराचा मजकूर मावतो. किरण आपल्या वाटेबरोबर शेजारच्या वाटेचाही थोडा अंश वाचतो, हा दोष क्रॉसटॉक म्हणून ओळखला जातो. सीएव्ही तबकडीत शेजारच्या वाटेवरील चौकटीचे टोक नेमके त्याच जागी असल्यामुळे तो लपून राहतो. सीएलव्हीमध्ये तो तिरप्या, सरकत्या, फिकट पट्ट्यांच्या रूपाने उघड होतो. निळे आकाश किंवा राखी भिंत दिसणारे दृश्य लावावे आणि खोलीतील दिवे मालवून पाहावे. सर्वच तबकड्यांत असे पट्टे दिसत असतील, तर दोष भिंगाचा किंवा वर सांगितलेल्या वाक मापणाऱ्या ठोकळ्याचा. एकाच तबकडीत आणि तेही कडेकडे दिसत असतील, तर तबकडी वाकलेली आहे. बारीक पांढरे ठिपके तबकडी धुतल्यावर कमी झाले तर तो मळ होता. न होता वर्षागणिक वाढले, तर तो रॉट.

आता सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुधा सर्वांत चुकीने हाताळला जाणारा विषय. या तबकडीवर उजेड व रंग वेगवेगळे साठविलेले नसतात. ते एकाच संमिश्र संकेतात, म्हणजे कॉम्पोझिट रूपात, एकमेकांत गुंफलेले असतात. पडद्यावर दाखविण्यापूर्वी ते कोठेतरी विलग करावेच लागतात, आणि हे काम करणारा भाग म्हणजे कॉम्ब फिल्टर. यंत्राच्या मागे पिवळ्या टोपीचा कॉम्पोझिट आणि चार टाचण्यांचा एस-व्हिडिओ असे दोन मार्ग असले, की एस-व्हिडिओ हा वरच्या दर्जाचा असे गृहीत धरून लोक तोच जोडतात. व्हीएचएसच्या सुधारित फितीच्या बाबतीत हे खरे होते, कारण तेथे रंग व उजेड मुळातच वेगळे नोंदविलेले असत. लेसरडिस्कच्या बाबतीत एस-व्हिडिओ जोडणे म्हणजे विलगीकरणाचे काम यंत्रातील कॉम्ब फिल्टरकडे सोपविणे, आणि कॉम्पोझिट जोडणे म्हणजे ते टीव्हीकडे किंवा मध्ये जोडलेल्या चित्र-प्रोसेसरकडे सोपविणे. ज्याचा फिल्टर चांगला, त्याच्या हाती काम द्यावे. १९८० च्या दशकातील यंत्रासमोर पुढील काळातील चांगला त्रिमितीय फिल्टर असलेला टीव्ही असेल, तर पिवळी तारच श्रेष्ठ ठरते.

याची रुजुवात स्वतःच्या डोळ्यांनी करता येते. दोन्ही तारा एकाच वेळी जोडाव्यात. एखाद्या पात्राच्या अंगावर बारीक रेघांचा सदरा असलेले दृश्य निवडून, टीव्हीवर आळीपाळीने दोन्ही मार्ग पाहावेत. रेघांवर इंद्रधनुष्यी झळाळी नाचत असेल, तर फिल्टर उजेडाला रंग समजत आहे. लाल-निळ्या सीमेवर ठिपके मुंग्यांसारखे चढत असतील, तर रंगाला उजेड समजत आहे. हे पाहताना चित्र स्थिर ठेवू नये. त्रिमितीय फिल्टर मागच्या-पुढच्या चौकटींची तुलना करून काम करतो, म्हणून स्थिर चित्रात तो नेहमीच निर्दोष दिसतो; त्याची खरी परीक्षा हलत्या दृश्यात होते. कॉम्पोझिटसाठी ७५ ओहमची चांगली, शक्य तितकी आखूड कोॲक्सियल केबल पुरेशी आहे. सोनेरी टोप्यांच्या महागड्या केबलीने चित्र सुधारते, यावर माझा विश्वास नाही.

एचडीएमआयचाच प्रवेश असलेल्या आजच्या टीव्हींसाठी स्वस्तात मिळणाऱ्या लहान रूपांतरक डब्या मात्र टाळाव्यात. त्यांतील कित्येक डब्या चित्राच्या दोन अर्ध्या चौकटींपैकी एक फेकून देतात, उभा बारकावा निम्मा होतो आणि श्रेयनामावलीतील तिरप्या रेषा पायऱ्यांसारख्या दिसू लागतात. चित्रपट मुळात सेकंदाला २४ चौकटींचा असतो. तो तबकडीवर आणताना अर्ध्या चौकटी दोन-तीन अशा क्रमाने वाटलेल्या असतात, आणि चांगला प्रोसेसर हा क्रम ओळखून मूळ २४ चौकटी परत जुळवितो. तसा प्रोसेसर परवडत नसेल, तर माझे स्पष्ट मत असे की चालू स्थितीतील जुना काचेच्या नळीचा टीव्ही, पंचवीस-एकोणतीस इंची, मोठ्या सपाट पडद्याहून या माध्यमाला अधिक न्याय देतो, कारण हे माध्यम त्याच पडद्यासाठी घडविले गेले होते.

टीव्हीवरील शार्पनेस शून्यावर किंवा निर्मात्याने सांगितलेल्या तटस्थ जागी आणावा, गोंगाट कमी करणाऱ्या सर्व सोयी बंद कराव्यात, यंत्रात डिजिटल शुद्धीकरणाचे बटण असेल तर तेही. वर-खाली काळे पट्टे असलेला रुंद चित्रपट हे ब्राइटनेस जुळविण्याचे उत्तम साधन आहे: पट्टे जेमतेम काळे दिसावेत, पण नायकाच्या काळ्या कोटाच्या घड्या बुडू नयेत. जपानी व अमेरिकी तबकड्यांत काळ्याची पातळी किंचित वेगळी असते, म्हणून दोहोंसाठी टीव्हीच्या दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात. जो केन यांनी तयार केलेली ‘व्हिडिओ एसेन्शियल्स’ ही चाचणी-तबकडी मिळाली तर हे काम तासाभरात होते.

भारतीय टीव्ही पाल पद्धतीचे, आणि मिळणाऱ्या तबकड्या बहुधा एनटीएससी, म्हणजे वर सांगितलेल्या अमेरिकी व जपानी, पद्धतीच्या. दोन्ही वाजविणारे यंत्र, उदाहरणार्थ पायोनियरचे सीएलडी-डी९२५, घरी असेल व टीव्ही एनटीएससीही स्वीकारत असेल, तर एनटीएससी तबकडी पालच्या रंगवाहकावर बसवून देण्याची सोय बंद ठेवावी व मूळ एनटीएससी संकेतच टीव्हीला द्यावा. रंगछटेचे ‘टिंट’ हे बटण फक्त एनटीएससीतच चालते. ते माणसाच्या कातडीच्या रंगावरून जुळवावे, लाल साडीवरून नव्हे. नवे यंत्र घेण्याचा विचार असेल, तर डीव्हीडी व लेसरडिस्क दोन्ही वाजविणाऱ्या उत्तरकालीन यंत्रांपेक्षा १९९० च्या दशकाच्या मध्यातील निव्वळ लेसरडिस्कसाठी बनलेली वरच्या श्रेणीची यंत्रे चित्रात सरस आहेत. १९९६ चे जपानी एचएलडी-एक्स९ सर्वांत श्रेष्ठ यंत्रांपैकी एक मानले जाते, कारण त्याचा लाल लेसर बिंदू अधिक सूक्ष्म असून क्रॉसटॉक कमी वाचतो. परंतु त्याच्या किमतीत येथे एका कुटुंबाचा कित्येक महिन्यांचा खर्च चालतो, आणि ते नसले म्हणून चित्र वाईटच राहील असे मुळीच नाही.

ज्यांच्याजवळ दुर्मीळ तबकड्या आहेत, त्यांच्यासाठी अलीकडे एक नवी वाट उघडली आहे. डोम्सडे डुप्लिकेटर या खुल्या आराखड्याच्या उपकरणाने भिंगातून येणारी मूळ लहरच सेकंदाला चार कोटी वेळा मोजून संगणकात साठविता येते, आणि यंत्रातील सर्व जुने मंडल बाजूला ठेवून चित्र नंतर सॉफ्टवेअरने बांधता येते. त्यासाठीही स्वच्छ भिंग व चालू यंत्र लागतेच. तबकडीवर रॉटचे पहिले ठिपके दिसताच हे काम हाती घ्यावे, तहकूब करू नये.

पायोनियरने जानेवारी २००९ मध्ये या यंत्रांचे उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले, आणि आता पिकअप, मोटर, गिअर यांचा पुरवठा मुख्यतः बंद पडलेल्या यंत्रांतूनच होतो. म्हणून रोड नंबर चौदावरच्या किंवा आपल्या गावच्या भंगारवाल्याकडे एखादे मोडके लेसरडिस्क-यंत्र दिसले, तर वजनाच्या भावाने का होईना, ते अवश्य घ्या, तोडू देऊ नका, आणि आपल्याला नको असेल तर ज्याच्याकडे चालू यंत्र आहे अशा एखाद्या संग्राहकाला देऊन टाका.